पाच यार्डांनंतरचे हात

अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल या व्यावसायिक लीगमधले संघ कॉलेजचे खेळाडू फेऱ्याफेऱ्यांनी निवडतात, तो ड्राफ्ट. त्याच्या साधारण दोन आठवडे आधी आमच्या स्काउटांच्या बैठकीत एक दिवस फक्त कॉर्नरबॅकसाठी, म्हणजे कडेला रिसीव्हरला (पास झेलणाऱ्याला) रोखणाऱ्या बचावपटूंसाठी, राखलेला असतो. त्या दिवशी सकाळी ज्या मुलाच्या नावाची पट्टी बोर्डावर पहिल्या फेरीच्या रकान्यात होती, ती संध्याकाळी तिसऱ्या फेरीत जाऊन बसली. दुखापत निघाली नव्हती, भानगडही नव्हती. त्याची फिल्म फक्त एनएफएलचा नियम समोर ठेवून पुन्हा पाहिली गेली.

कागदावर मुलगा देखणा होता. उंची ६०१२. स्काउट उंची अशी चार आकड्यांत लिहितात: ६ फूट, ०१ इंच आणि शेवटचा आकडा इंचाच्या अष्टमांशांचा. हात ३२ इंचांच्या वर. हात खांद्याच्या हाडाच्या टोकापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत मोजतात, आणि मोजमाप आपल्याच माणसांनी घेतलेलं असावं लागतं. कॉलेजं छापतात त्या उंचीत एखादा इंच दानधर्माचा असतो. इंडियानापोलिसच्या कंबाइनमध्ये, म्हणजे ड्राफ्टआधीच्या चाचणी मेळाव्यात, ४० यार्डांची धावही चांगली झाली होती. शिवाय शेवटच्या मोसमात त्याच्या बाजूला पास फारच कमी आले होते.

या आकड्यांनी किती भुलायचं याला मर्यादा आहे. २०२२ च्या कंबाइनमध्ये बेलर विद्यापीठाचा केलन बार्न्स ४.२३ सेकंदांत धावला आणि तरी सातव्या फेरीत, २४२ व्या क्रमांकावर गेला. त्याच ड्राफ्टमध्ये ट्रेंट मॅकडफीचे हात ३० इंचही भरले नव्हते. कॅन्सस सिटीने त्याला २१ वा घेतला आणि २०२३ मध्ये तो ऑल-प्रोच्या, म्हणजे मोसमातल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या, पहिल्या संघात होता.

आता तो नियम. १९७८ पासून एनएफएलमध्ये डाव जिथून सुरू होतो त्या रेषेपासून पाच यार्डांपर्यंतच रिसीव्हरला धक्का देता येतो. पास टाकणारा क्वार्टरबॅक चेंडू घेऊन पॉकेटमध्ये, म्हणजे सहकाऱ्यांच्या संरक्षक कड्यात, उभा असताना त्यापुढे हात लावलात तर पाच यार्डांचा दंड आणि समोरच्यांना आपोआप नवा फर्स्ट डाउन, म्हणजे १० यार्ड पुढे जायला पुन्हा चार संधी. थर्ड डाउन अन् १५, म्हणजे तिसऱ्या संधीला १५ यार्ड बाकी, असला तरी. कॉलेजात ही पाच यार्डांची सीमाच नाही. रिसीव्हर समोर आहे आणि पास सुटलेला नाही, तोवर बचावपटू त्याला ढकलू शकतो. म्हणजे शनिवारी कॉलेजात जे कौशल्य म्हणून वाखाणलं जातं, त्याच्यावर रविवारी एनएफएलमध्ये पंचांचा पिवळा रुमाल पडतो.

म्हणून आम्ही त्याचे प्रेसचे, म्हणजे रेषेवर रिसीव्हरला भिडून उभं राहण्याचे, सगळे स्नॅप (डाव) वेगळे काढले. टीव्हीचं चित्रण इथे निरुपयोगी, कारण पास सुटेपर्यंत कॅमेरा क्वार्टरबॅकवर असतो. बावीसही खेळाडू दिसणारी फिल्म लागते, तीही दोन कोनांतून: बाजूच्या कोनातून अंतर कळतं, मागच्या कोनातून हात आणि कंबर. पास त्याच्याकडे आला की नाही हे बघायचं नाही. प्रत्येक स्नॅपला तीन नोंदी करायच्या. पहिला हात कुठल्या यार्डावर लागला, शेवटचा कुठे सुटला, आणि सुटला त्या क्षणी त्याची कंबर रिसीव्हरच्या कमरेला समांतर होती का.

तिसऱ्या नोंदीत सगळं उघडं पडलं. रेषेवर तो पाय हलवण्याआधी हात टाकत होता, आणि बहुतेकदा चुकीचा हात. रिसीव्हर आत निघाला असताना आतल्या हाताने ठोसा मारला की खांदे वळतात, कंबर उघडते आणि स्लँटला, म्हणजे आतल्या तिरप्या धावेला, वाट मोकळी होते. ते एक पाऊल तो सातव्या-आठव्या यार्डावर जर्सी चिमटीत धरून भरून काढत होता. हात लांब असल्यामुळे पंचांना ते दिसतही नव्हतं. क्वार्टरबॅकला मात्र रिसीव्हर अडकलेला दिसे आणि तो दुसरीकडे बघे. त्याच्या बाजूला पास का येत नव्हते, याचं बरंचसं उत्तर इथे होतं.

दुसरा गोंधळ मैदानाचा. डाव ज्यांच्या दरम्यान सुरू होतो त्या दोन हॅश रेषांमध्ये कॉलेजात ४० फुटांचं अंतर असतं, एनएफएलमध्ये १८ फूट ६ इंच. चेंडू हॅशवर असेल तर कॉलेजात जवळची बाजू ६० फुटांची आणि लांबची १०० फुटांची; एनएफएलमध्ये तेच ७० फूट ९ इंच आणि ८९ फूट ३ इंच. हा मुलगा जवळपास कायम अरुंद बाजूला उभा राहायचा. तिथे सीमारेषा आयता जोडीदार असते. रुंद बाजूचे जे थोडे स्नॅप होते, त्यांत रिसीव्हरपासून लांब उभं राहून खेळताना तो मागे सरकता सरकता उंच व्हायचा, वजन टाचांवर जायचं आणि पुढे झेप घ्यायला एकाऐवजी तीन पावलं लागायची. कबड्डीतल्या कोपरारक्षकाचं वजन टाचेवर गेलं की जे होतं, तेच. ४० यार्डांच्या सरळ धावेत हे दिसणं शक्यच नाही.

खोल पासांवर मात्र मला तो आवडला. रिसीव्हरच्या बरोबरीला असेल तर मान वळवून चेंडू शोधायचा, मागे पडला असेल तर मान न वळवता रिसीव्हरच्या हातांवर खेळायचा. मागे पडल्यावर मान वळवणारे आणखी मागे पडतात, मग आंधळेपणी आदळतात. कॉलेजात त्या फाउलची शिक्षा जास्तीत जास्त १५ यार्ड. एनएफएलमध्ये चेंडू थेट फाउलच्या जागी, मग ते ४० यार्ड का असेनात.

त्याचा विभाग बघणाऱ्या स्काउटने रिचर्ड शर्मनचा दाखला दिला. सिअॅटलने २०११ मध्ये त्याला पाचव्या फेरीत, १५४ वा घेतला होता. उंच, लांब हातांचा, आधी रिसीव्हर असलेला. दाखला खरा आहे, पण शर्मनची किंमत पाचव्या फेरीची होती. शिकवणीचा खर्च तिथे परवडतो. पहिल्या फेरीचा कॉर्नर सप्टेंबरमध्ये मैदानात लागतो.

बचावफळीच्या प्रशिक्षकाला विचारलं, हे सुटेल का? म्हणाले, "दोन्ही मुठींत टेनिसचे चेंडू देऊन सराव करून घेऊ, म्हणजे धरताच येणार नाही. पाय आधी, हात नंतर हे उन्हाळ्यात बसेल. पण चौथ्या क्वार्टरला दमला की सवय परत येणार." अहवालात शेवटी असं गेलं: तिसरी फेरी, कव्हर ३ (तिघांनी मागचं मैदान वाटून सांभाळण्याचा बचाव) खेळणाऱ्या संघाला जास्त उपयोगी, पहिल्या वर्षी राखीव आणि किकच्या तुकड्यांवर, मॅन कव्हरेजमध्ये (एकास एक पहाऱ्यात) एकटा सोडू नये.