कोंबड्या वाफ्यात कधी सोडायच्या आणि कधी नाही

थंडी ओसरून दिवस मोठा व्हायला लागला की भाजी आणि कोंबड्या सांभाळणाऱ्या घरात सगळी कामं एकदम अंगावर येतात. खिडकीत टोमॅटोची रोपं, खोक्यात पिल्लं, रोज भरणारी अंड्यांची टोपली आणि बाहेर वाट बघणारे वाफे. यातलं एकेक काम तसं सोपं आहे. अवघड जातं ते त्यांच्या वेळा जुळवणं. त्यासाठी एक गोष्ट घरातल्या सगळ्यांनी पक्की लक्षात ठेवावी: कोंबड्या आणि भाजी एका जमिनीवर असाव्यात, पण एका वेळी नसाव्यात.

कोंबडी उकरते कशी ते एकदा जवळ बसून बघा. दोन-तीनदा पायाने माती मागे ओढते, एक पाऊल मागे सरकते, मान तिरकी करून एका डोळ्याने उकरलेली जागा न्याहाळते आणि टिपते. मोकळ्या वाफ्यात हे वरदानच. तणाचं बी, गोगलगायींची अंडी, मातीतल्या अळ्या, सगळं वेचलं जातं आणि वरचा थर भुसभुशीत होतो. पण पेरलेल्या वाफ्यात तीच कोंबडी दहा मिनिटांत ओळीच्या ओळी उधळून टाकते. ती रोपं खायलाच येते असं नाही, तिला मऊ ओली माती हवी असते. नुकताच पाणी दिलेला वाफा तिला सगळ्यात आधी दिसतो.

खरा विचार करायचा तो विष्ठेचा. ताजी विष्ठा नत्राने इतकी तेज असते की कोवळी मुळं करपतात, शिवाय तिच्यात साल्मोनेलासारखे जंतू असू शकतात. म्हणून कोंबड्या वाफ्यातून बाहेर काढल्यापासून काढणीपर्यंतचे दिवस मोजायचे. जी भाजी मातीला टेकते, म्हणजे पालेभाजी, मुळा, गाजर, तिच्यासाठी किमान १२० दिवस. टोमॅटो किंवा मांडवावरची काकडी मातीपासून वर असते, तिथे ९० दिवस. आता हिशोब करा. मुळा महिन्याभरात निघतो, तेव्हा मुळ्याच्या वाफ्यात वसंतात कोंबड्या सोडायच्याच नाहीत. तिथे त्या हिवाळ्याच्या सुरुवातीलाच फिरून गेलेल्या बऱ्या. टोमॅटोला मात्र लागवडीपासून पहिलं फळ पिकेपर्यंत दोन-अडीच महिने लागतात. लागवडीच्या महिनाभर आधी कोंबड्या हलवल्या तर ९० दिवस आरामात भरतात. कुठल्या वाफ्यात काय लावायचं हे यावरूनच ठरवावं आणि ज्या दिवशी कोंबड्या काढल्या ती तारीख पाटीवर लिहून वाफ्यात रोवावी. डोक्यात ठेवलेली तारीख हमखास चुकते.

खुराड्यातून निघालेली विष्ठा थेट मातीत न घालता कुजवूनच वापरावी. एक घमेलं विष्ठा असेल तर दोन-तीन घमेली सुका पाला, पेंढा किंवा लाकडाचा भुसा. ढीग लांबी, रुंदी, उंची तिन्हींनी किमान एक मीटर हवा, नाहीतर तो तापतच नाही. नीट जमला तर आत ५५ ते ६५ अंश सेल्सिअस उष्णता येते. उग्र, डोळ्यांत झोंबणारा वास आला तर सुका माल कमी पडलाय. ढीग थंडच राहिला तर बहुतेक वेळा तो कोरडा असतो. मूठभर घेऊन दाबल्यावर एखाददुसरा थेंब सुटेल इतकी ओल हवी.

पिल्लं आणि रोपं एका खोलीत ठेवायचा मोह टाळा. दोघांना ऊब लागते हे खरं, पण पिल्लांची बारीक पांढरी धूळ पानांवर बसते आणि स्वयंपाकघरात तर ती मुळीच नको. पिल्लांना पहिल्या आठवड्यात त्यांच्या पाठीच्या उंचीवर सुमारे ३५ अंश लागतात, पुढे दर आठवड्याला तीनेक अंश कमी. थर्मामीटर असू द्या, पण विश्वास पिल्लांवर ठेवा. उबेच्या दिव्याखाली एकमेकांवर चढून कर्कश चिवचिवत असतील तर थंडी वाजतेय. कडेला जाऊन चोच उघडी टाकून धापा टाकत असतील तर दिवा वर घ्या. सगळीकडे पसरून खात-पीत असली की झालं. दिवा नुसत्या चिमट्यावर लटकवू नका, साखळीने वर बांधा. चिमटा सुटून दिवा भुशात पडला तर आग लागते. पिल्लं जिच्याखाली बसतात अशी तापणारी पाटी मिळाली तर ती जास्त सुरक्षित.

खाली गुळगुळीत वर्तमानपत्र घालू नये, पाय फाकतात आणि तसेच राहू शकतात. पहिले काही दिवस खरखरीत कापड, मग भुसा. पाण्याच्या उथळ भांड्यात गोट्या टाका म्हणजे कुणी बुडत नाही. रोज एकदा प्रत्येक पिल्लू उलटं करून शेपटीखाली बघायचं. विष्ठा सुकून भोक बंद झालं असेल तर कोमट पाण्याच्या बोळ्याने भिजवून अलगद पुसायचं. ओरबाडलं तर कातडी निघते. पुसल्यावर कोरडं करूनच परत सोडायचं. खाद्य सुमारे २० टक्के प्रथिनांचं, पिल्लांसाठीचंच हवं. अंडी देणाऱ्या कोंबड्यांच्या खाद्यातल्या जास्तीच्या कॅल्शियमने पिल्लांची मूत्रपिंडं बिघडतात. तीन-चार आठवड्यांच्या वयात रक्ताळ विष्ठा दिसली तर रक्ती हगवण समजून लगेच पशुवैद्याला गाठा. ओला भुसा तिला आमंत्रण देतो, म्हणून पाण्याभोवतीचा भुसा रोज बदला.

रोपांचं गणित उलटं मोजायचं. तुमच्याकडे शेवटचं दहिवर साधारण कधी गोठतं ते धरा आणि टोमॅटो त्याच्या सहा ते आठ आठवडे आधी पेरा. भोपळ्याच्या जातीला तीन-चार आठवडे पुरतात, घाई केली तर वेल पेल्यातच गुरफटतात. रोपं बुडाशी बारीक होऊन कोलमडली की पाणी जास्त झालंय आणि वारा कमी पडलाय. बाहेर लावण्याआधी आठ-दहा दिवस सवय लावा, पहिल्या दिवशी सावलीत तासभर, मग वाढवत न्या. एकदम उन्हात ठेवली तर पानं पांढरी पडतात.

मुलांना अंडी गोळा करायचं काम द्यावं, ते त्यांना मनापासून आवडतं. वसंतात दिवस १४ तासांवर गेला की अंडी वाढतात, म्हणून दिवसातून दोनदा गोळा करा. पडून राहिली तर फुटतात, आणि फुटलेलं अंडं चाखलेली कोंबडी पुढे स्वतः फोडायला शिकते. स्वच्छ अंडी धुवायची नाहीत, कवचावरचा नैसर्गिक थर जातो. धुवावंच लागलं तर अंड्यापेक्षा गरम पाण्याने. थंड पाण्याने आतला भाग आकसतो आणि घाण छिद्रांतून आत ओढली जाते. काम झालं की साबणाने हात, आणि पिल्लांचा पापा घ्यायचा नाही, हे मोठ्यांनाही लागू. पाच वर्षांखालच्या मुलांनी पिल्लं लांबूनच बघावीत.

एखादी कोंबडी घरट्यात चपटी होऊन बसली, हात लावल्यावर पिसं फुलवून गुरगुरली, की ती खुडूक झाली, म्हणजे अंडी उबवायला बसली. पिल्लं हवी असतील तर एकाच दिवशी फलित अंडी तिच्याखाली ठेवा, २१ दिवस लागतात. अंडी हलवायची असतील तर रात्रीच. तेव्हाच बॅटरी घेऊन कोंबड्या रात्री बसतात त्या दांड्यांच्या फटीही बघून घ्या. लाल कोळी, म्हणजे रक्त पिणारे बारीक कीटकासारखे जीव, दिवसा फटींत लपतात आणि रात्री कोंबड्यांवर चढतात. दांडीच्या खालून पांढरा कागद फिरवल्यावर लालसर डाग उमटले तर दुसऱ्याच दिवशी खुराडं रिकामं करून सगळ्या फटी धुऊन काढायच्या.