तुम्ही विचारलंत म्हणून : दक्षिण आफ्रिकेची पदकं कशासाठी?

घरी पहिल्यांदा येणारा पाहुणा कपाटाकडे बघून हा प्रश्न विचारतोच. तुमच्या घरात कुणी सैन्यात नव्हतं, मग कुठल्या कोण परक्या माणसांची पदकं कशाला जमवता? पाहुणा जरा धीट असला तर पुढचंही विचारतो : ज्या देशात आपल्या माणसांना फूटपाथवरून चालू देत नव्हते, त्या देशाच्या लष्करी पराक्रमाचं एवढं कौतुक का?

मला दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकाच जागी सापडतं. ती जागा म्हणजे पदकाची कड.

पदक हातात आलं की लोक राणीचा चेहरा बघतात, रिबनचे रंग बघतात. मी आधी धातू बघतो आणि मग कड फिरवून तिथलं नाव वाचतो. नंबर, हुद्दा, नाव, पलटण. सरकारनं एखाद्या साध्या माणसाचं नाव धातूत उमटवण्याची वेळ त्याच्या आयुष्यात बहुधा एकदाच येते. ते नाव चांदीवर उमटलं, ब्राँझवर उमटलं की उमटलंच नाही, यावरून तो माणूस सरकारच्या लेखी कोण होता हे कळतं. दक्षिण आफ्रिकेत ही गोष्ट जितकी उघडी दिसते तितकी मी इतरत्र पाहिलेली नाही. म्हणून माझा संग्रह तिथलाच.

बोअर युद्धापासून सांगतो. १८९९ ते १९०२ या काळात इंग्रज आणि बोअर, म्हणजे तिथे वसलेले डच वंशाचे शेतकरी, लढले. इंग्रजांच्या बाजूच्या लोकांसाठी ‘क्वीन्स साउथ आफ्रिका मेडल’ निघालं. युद्ध लवकर संपेल या भरवशावर पहिल्या साच्यात मागच्या बाजूला १८९९-१९०० अशी सालं घातली होती. युद्ध काही संपेना, तेव्हा ती काढून टाकावी लागली. पण काही पदकं तिरकी धरली तर पुसलेल्या आकड्यांच्या पुसट खुणा आजही दिसतात. संग्राहक त्यांना ‘भुताच्या तारखा’ म्हणतात. या पदकाच्या रिबनवर लढायांच्या आणि प्रदेशांच्या नावांच्या पट्ट्या, म्हणजे क्लॅस्प, लागायच्या. असे एकूण २६ क्लॅस्प होते. बहुतेक संग्राहक त्यांच्यामागे असतात. लेडीस्मिथचा वेढा, मेफकिंगचा वेढा, असे क्लॅस्प असले की किंमत चढते.

मी याच पदकाच्या ब्राँझच्या प्रती शोधतो. सैनिकांना चांदीचं पदक मिळालं. भारतातून पलटणींबरोबर गेलेले डोलीवाले, भिश्ती, मोतद्दार, धोबी यांना ब्राँझचं. शिक्का तोच, राणी तीच, रिबनही तीच, धातू मात्र दुसरा. कडेवर बहुतेकदा एकच नाव असतं. बापाचं नाव नाही, गाव नाही, आडनाव नाही. इंग्रज कारकुनाच्या कानाला जसं ऐकू आलं तसं लिहिलेलं. तोफांच्या माऱ्यात पाण्याची पखाल घेऊन धावणारा माणूस आणि बंदूक चालवणारा माणूस एकाच मैदानावर मरू शकत होते, हे ज्यांनी धातू ठरवला त्यांना ठाऊक नव्हतं असं मला वाटत नाही.

जोहान्सबर्गला ऑब्झर्वेटरी नावाच्या भागात एका टेकडीवर या लोकांचं स्मारक आहे. त्यावरच्या लेखात इंग्रज अधिकाऱ्यांबरोबर नालबंदांचा आणि इतर सेवकांचाही उल्लेख आहे. बाजूंवर मुसलमान, ख्रिस्ती, पारशी, हिंदू, शीख असे धर्म कोरलेत. जोहान्सबर्गला कुणी जाणार असेल तर मी आवर्जून तिकडे पाठवतो. गावातल्या कितीतरी लोकांनाही ते माहीत नसतं.

आता गांधीजींबद्दल, कारण ते नाव निघाल्याशिवाय पाहुण्याचं समाधान होत नाही. नाताळ या तिथल्या इंग्रज वसाहतीत त्यांनी जखमींना वाहून नेणारी भारतीयांची तुकडी उभी केली. आत्मकथेत ते लिहितात की ती सुमारे ११०० जणांची होती, त्यांत म्होरके ४० च्या आसपास, स्वतंत्र भारतीय साधारण ३०० आणि बाकीचे गिरमिटिये, म्हणजे करारावर नेलेले मजूर. स्पिऑन कॉपच्या लढाईनंतर स्ट्रेचरवर जखमी घालून हे लोक दिवसाला वीस-पंचवीस मैल चालले. पदकं मिळाली ती म्होरक्यांना, हेही तेच सांगतात. खांद्यावर दांडी घेऊन चालणाऱ्या त्या शेकडो गिरमिटियांचं नाव कुठल्या कडेवर आलं नाही. १९०६ मध्ये नाताळ वसाहतीत झालेल्या झुलू बंडातही गांधीजींनी छोटी तुकडी नेली आणि आणखी एक पदक मिळवलं. १ ऑगस्ट १९२० रोजी व्हाइसरॉयला पत्र लिहून त्यांनी कैसर-ए-हिंद सुवर्णपदकाबरोबर ही दोन्ही युद्धपदकंही परत केली. त्याच दिवशी मुंबईत लोकमान्य टिळक गेले, त्यामुळे आपल्याकडे ही तारीख वेगळ्या कारणानं लक्षात राहिली. परत करताना मनाला यातना होतात, असं गांधीजींनी त्या पत्रात म्हटलंय. मला ते फार खरं वाटतं.

हरलेल्या बोअरांची गोष्ट निराळी. त्यांना पदक मिळालं ते युद्धानंतर जवळजवळ दोन दशकांनी. १९२० मध्ये त्यांच्यासाठी ‘अँग्लो-बूर ओर्लोग’ पदक काढलं. एका बाजूला ट्रान्सवालचं बोधचिन्ह, दुसऱ्या बाजूला ऑरेंज फ्री स्टेटचं. ज्यानं त्यानं आपल्या गणराज्याची बाजू पुढे ठेवून ते छातीवर लावायचं. पण ते आपोआप मिळत नव्हतं. म्हाताऱ्या शेतकऱ्यांनी अर्ज भरायचा, कुठल्या कमांडोत, म्हणजे बोअर टोळीत, होतो, कुठे लढलो, अधिकारी कोण, सगळं लिहायचं. हे अर्ज प्रिटोरियाच्या लष्करी अभिलेखागारात राहिले. पदकावर संशोधन करणाऱ्याला याहून मोठं घबाड मिळत नाही, कारण इथे माणूस स्वतःच्या तोंडानं आपलं युद्ध सांगतो. माझ्या भिश्त्याला असा अर्ज कुणी कधी दिला नाही.

पहिल्या महायुद्धात तर वेगळाच प्रकार झाला. दक्षिण आफ्रिकेतून वीस हजारांहून जास्त कृष्णवर्णीय मजूर सैन्याबरोबर फ्रान्सला गेले. २१ फेब्रुवारी १९१७ च्या पहाटे ‘मेंडी’ हे जहाज आइल ऑफ वाइटजवळ दुसऱ्या जहाजाची धडक बसून बुडालं आणि सहाशेंहून अधिक आफ्रिकी माणसं गेली. युद्धानंतर ‘ब्रिटिश वॉर मेडल’ या पदकाच्या ब्राँझच्या प्रती चिनी, माल्टीज आणि भारतीय मजुरांना मिळाल्या. शेजारच्या बासुटोलँडच्या, म्हणजे आजच्या लेसोथोच्या, मजुरांनाही मिळाल्या. दक्षिण आफ्रिकेच्या सरकारनं मात्र आपल्याच कृष्णवर्णीय मजुरांना त्या द्यायला नकार दिला. २००३ मध्ये नव्या दक्षिण आफ्रिकेनं शौर्यासाठी ‘ऑर्डर ऑफ मेंडी’ सुरू केली. माझ्या कपाटात ‘मेंडी’च्या माणसांचं काहीच नाही आणि असूही शकत नाही. तो खण मी मुद्दाम रिकामा ठेवलाय.

दुसऱ्या महायुद्धात नावं उमटली. ब्रिटिशांनी आपल्या सैनिकांची त्या युद्धातली मोहीम-पदकं बिननावाची वाटली, दक्षिण आफ्रिकेनं नाव घालून दिली. त्यांचं स्वतःचं ‘आफ्रिका सर्व्हिस मेडल’ही निघालं, पुढे आफ्रिकेचा नकाशा, मागे उडी मारणारं स्प्रिंगबॉक. कडेवरच्या नंबराआधी ‘सी’ असेल तर केप कोअर, म्हणजे मिश्रवंशीयांची पलटण, ‘एम’ असेल तर भारतीय आणि मलाय, ‘एन’ असेल तर नेटिव्ह मिलिटरी कोअर, म्हणजे कृष्णवर्णीयांची. वर्णभेद असा थेट धातूत ठोकलेला. या ‘एन’वाल्यांच्या हाती बंदूक द्यायची नाही असं धोरण होतं. त्यांतलाच एक जॉब मासेको. १९४२ मध्ये लिबियातल्या टोब्रुकला कैदेत असताना दुधाच्या डब्यात बंदुकीची दारू भरून त्यानं बंदरातलं शत्रूचं जहाज उडवलं. त्याला मिलिटरी मेडल मिळालं. लुकस मजोझी हा स्ट्रेचरवाला. एल अलामीनला स्वतः गोळ्या लागलेल्या असताना जखमी उचलत राहिला, त्याला डिस्टिंग्विश्ड कंडक्ट मेडल मिळालं. स्पिऑन कॉपच्या गिरमिटियांनंतर चार दशकांनी एका स्ट्रेचरवाल्याची दखल घेतली गेली, हे मला फार मोलाचं वाटतं.

आता व्यवहाराचं. खरं-खोटं कसं ओळखता, हे विचारणारे कमी असतात, पण विचारायला हवं. साध्या पदकाची कड घासून त्यावर नामांकित लढाईतल्या माणसाचं नाव घालायचं, ही जुनी लबाडी. कड घासली की व्यास किंचित कमी होतो, म्हणून कॅलिपर लागतो. मग अक्षरांचं वळण त्या काळच्या पद्धतीशी ताडायचं. शेवटी मेडल रोल, म्हणजे कुणाला कुठलं पदक आणि कुठले क्लॅस्प दिले याच्या याद्या. बोअर युद्धाच्या याद्या लंडनजवळ क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. यादीत नसलेला क्लॅस्प पदकावर असेल तर पैसे खिशातच ठेवावेत. आणि हो, ब्राँझचं पदक आज साध्या चांदीच्या पदकापेक्षा महाग जातं, कारण ती निघालीच कमी.

हे सगळं वाचून कुणाला घरातल्या जुन्या पेटीतलं एखादं काळपट ब्राँझचं पदक आठवलं, तर एक विनंती आहे. चिंच किंवा पितांबरीनं ते घासू नका, त्यानं कडेवरची अक्षरं झिजतात. रिबन फाटकी असली तरी काढून टाकू नका. खिडकीशी, तिरक्या उजेडात, कडेचे चारही बाजूंनी फोटो काढा. घरातल्या सगळ्यांत वयस्कर माणसाला ते दाखवून ते सांगतील ते लिहून ठेवा, कारण यादीत नसलेलं गाव आणि बापाचं नाव तेवढ्या एकाच ठिकाणी मिळू शकतं.