नकलेच्या टेबलावर

अण्णांचा वाटपाचा दावा निकाली निघाला तेव्हा मी बारावीत होते. अपिलासाठी निकालाची नक्कल, म्हणजे कोर्टाच्या शिक्क्याची प्रत, हवी होती. तालुक्याच्या कोर्टात खिडकीवर उत्तर ठरलेलं: "माणूस एकच आहे, पुढच्या आठवड्यात या." अपिलाची मुदत ३० दिवसांची. अण्णा रात्री बोटांवर दिवस मोजायचे. (नक्कल तयार व्हायला लागलेले दिवस त्या मुदतीतून वजा होतात, हे तेव्हा आम्हाला कुणी सांगितलं नाही.) खिडकीमागची रिकामी खुर्ची माझ्या मनातून गेलीच नाही.

डिसेंबर २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने जिल्हा न्यायालयांसाठी जाहिरात काढली. राज्यभरात ४,६२९ जागा, त्यांत कनिष्ठ लिपिकाच्या २,७९५. मी नाशिकसाठी फॉर्म भरला आणि पंचवटीत मैत्रिणीच्या खोलीवर राहायला आले.

चाळणी परीक्षेची मला फारशी भीती नव्हती. खरा घाम काढला टायपिंगने. मिनिटाला मराठी ३० आणि इंग्रजी ४० शब्दांची सर्टिफिकेटं हातात होती, पण समोर घड्याळ धावत असताना बोटं अडतात. मी रेमिंग्टन कीबोर्डवर शिकलेली, जुन्या टाइपरायटरच्या मांडणीचा. तिथे पहिली वेलांटी अक्षराच्या आधी दाबायची. मैत्रीण इनस्क्रिप्ट ह्या दुसऱ्या मांडणीवाली, तिची वेलांटी नंतर. तिच्या लॅपटॉपवर बसले की 'मिळकत' हमखास चुकायचं. शेवटी अशोक स्तंभाजवळच्या क्लासमध्ये रोज पहाटेची बॅच धरली. सरावाला गोष्टी-निबंध घेतलेच नाहीत. अण्णांच्या जुन्या निकालाची पानंच टाइप केली. 'प्रतिवादी', 'चतुःसीमा', 'दरखास्त' हे शब्द बोटांत बसले ते तिथेच. ज्यांना कोर्टाची तयारी करायचीय त्यांनी हेच करावं, असं मी मनापासून सांगते.

मुलाखतीत रोजनामा म्हणजे काय ते विचारलं. प्रत्येक तारखेला कोर्टात काय झालं त्याची नोंद, एवढं सांगितलं. अण्णांबरोबर तारखांना गेल्याचा उपयोग झाला. मग कागदपत्रं, लहान कुटुंबाचं प्रतिज्ञापत्र, पोलिसांची पडताळणी, वैद्यकीय तपासणी. यादीत नाव दिसल्यावर अण्णांना फोन केला. ते बराच वेळ काही बोललेच नाहीत.

मला नक्कल विभाग मिळाला. पहिल्याच आठवड्यात एक आजोबा निकालाची नक्कल न्यायला आले. त्यांना मागचा शिक्का दाखवला: अर्जाची तारीख, नक्कल तयार झाल्याची तारीख.

"बाबा, वकिलांना आधी ह्या दोन तारखा दाखवा," म्हटलं.