अलॉय व्हील आणि पॉलिश पेपर
आजची सुट्टी गाडीच्या चाकापुढे मांडी घालून गेली. अलॉयची कड फुटपाथला घासलेली. रंग काय, पटकन होतो. जीव खातं ते घासणं. आधी 240 चा पॉलिश पेपर (आकडा मोठा तितका कागद बारीक), मग 400, खाचांत भरलेली पुटी सुकल्यावर 800 ओला करून. डोळ्यांना गुळगुळीत वाटतं, पण बोट फिरवलं की कड लागते. घासा पुन्हा! मग प्रायमर, सिल्व्हर, वरून क्लिअर कोट, म्हणजे पारदर्शक थर. सगळे हात पातळ, नाहीतर ओघळ ठरलेले. छटा किंचित वेगळी आलीय, पण गाडी चालत असताना कोण वाकून बघतंय? डायमंड कट चाक (दर्शनी धातू कापून चमकवलेलं) असतं तर मात्र हात लावला नसता. ते लेथवरच करावं लागतं आणि दरवेळी थोडा धातू जातो. तडा असेल तर घरी रंगवून झाकणं म्हणजे निव्वळ वेडेपणा.