अर्धा तास उशिरा

बुधवार, रात्र

‘ओरिजिनच हाय न्हवं, मग अर्धा तास उशिरा गेलं तरी काय बिघडत न्हाय.’ सुपरहिरोच्या पिक्चरबद्दल दाजींनी टाकलेलं हे वाक्य कालपासून डोक्यात बसलंय. ओरिजिन म्हणजे हिरो हिरो कसा झाला, ती सुरुवातीची गोष्ट. त्यावर सगळ्यांनी माना डोलावल्या, हे जास्त लागलं. बारक्यानंसुद्धा. बारक्यानं!

कालच्या पिक्चरबद्दल बाकी सगळं मान्य. खलनायक फिका होता, शेवटची मारामारी फार लांबली, हिंदी डबिंगमध्ये दोन चांगली वाक्यं वाया गेली. त्यावर भांडण नाही. पण पहिला अर्धा तास सोडून द्यायचा?

ओरिजिनमध्ये बघायचं असतं ते काय, तर क्रम. शक्ती आधी येते की घाव आधी बसतो? बॅटमॅनचा घाव आधी: आईबाप डोळ्यांदेखत जातात, आणि शक्ती तर कधी येतच नाही, सगळी मेहनत. स्पायडरमॅनचं उलट. शक्ती आधी मिळते, ती तो पैशासाठी वापरतो, पळणाऱ्या चोराला वाट करून देतो, आणि तोच चोर पुढे त्याच्या बेनकाकांचा जीव घेतो. १९६२ साली स्टॅन ली आणि स्टीव्ह डिटको यांनी हे सगळं कॉमिकच्या अकरा पानांत बसवलं. यातला एक टप्पा मागेपुढे झाला तर तो वेगळाच माणूस होतो. काका आधी गेले असते तर तो नुसता सूड घेत फिरला असता. त्याच्याच हातून चूक झाल्यावर गेले, म्हणून तो दर रात्री बाहेर पडतो.

स्पायडरमॅनच्या २००२ च्या पिक्चरमध्ये तर याची बांधणी आणखी बारीक आहे. तीन मिनिटं टिकलास तर तीन हजार डॉलर, असा कुस्तीचा करार. पोरगा दोन मिनिटांतच गडी लोळवतो, म्हणून मालक हातावर शंभर टेकवतो आणि वर म्हणतो, तुझ्या अडचणीशी माझा काय संबंध. लगेच त्याच मालकाला लुटून चोर पळतो, पोरगा बाजूला होतो आणि मालकाचंच वाक्य मालकाला ऐकवतो. तिथं हशा येतो, शिट्टी पडते. पुढच्या काही मिनिटांत त्या शिट्टीचा हिशेब होतो. जुन्या वाचकांपैकी काहींची यावर तक्रार आहे, आणि मला ती पटते: कॉमिकमध्ये त्याला कुणी फसवलेलं नसतं, तो निव्वळ बेफिकिरीनं चोराला सोडतो. पिक्चरनं त्याला सबब दिली. मनगटातून आपोआप निघणाऱ्या जाळ्यावरही असंच रान उठलं होतं. कॉमिकमध्ये जाळं फेकायचं यंत्र त्यानं स्वतः बनवलेलं. त्यातून पोराची अक्कल दिसते आणि ऐन वेळी जाळं संपण्याची धास्तीही राहते.

आणि क्रम बिघडला की काय होतं तेही दिसलंय. २००७ च्या तिसऱ्या भागात सांगितलं, की गोळी त्या चोरानं झाडलीच नाही, दुसऱ्याच माणसाच्या हातून सुटली. लोक चिडले. चिडणारच, त्यानं सोडलेल्या चोराच्या माथ्यावरचं पाप हललं की त्या पोराच्या माथ्यावरचंही हलतं. १९८९ च्या बॅटमॅनमध्ये आईबापांचा मारेकरी म्हणून बॅटमॅनचा कायमचा वैरी जोकर निघतो. कॉमिकमध्ये तो साधा भुरटा, त्याला नावसुद्धा १९४८ मध्ये मिळालं. मारेकरी कुणीही असू शकतो, म्हणून तर प्रत्येक गल्ली पालथी घालायची. जोकरच मारेकरी असेल तर तो मेल्यावर बॅटमॅननं घरी बसावं. (त्याच पिक्चरच्या वेळी बॅटमॅन म्हणून मायकल कीटनला घेतलं, यावर लोकांनी हजारो निषेधपत्रं पाठवली होती. इंटरनेट नसताना, पोस्टानं.)

हे मी कुणाला सांगायचं? एवढं जीव लावून बघायचं आणि बरोबरच्यांनी घड्याळ बघायचं. काल रात्री खूप एकटं वाटलं, का ते दाजींना कळणार नाही. ताईला कळेल, पण ती… जाऊ दे.

आपण सांगलीची माणसं. इथं १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ केलं. धनुष्य कोण मोडणार हे ठाऊक नसलेला एकही माणूस त्या प्रेक्षकांत नसणार. गोष्ट माहीत असणं हे बघायचं कारण होतं, टाळायचं नव्हे. आणि आज आम्ही म्हणतो, माहीतच आहे, पुढे न्या.

आयर्नमॅनचं घ्या. छर्रे काळजात शिरू नयेत म्हणून गुहेत बरोबरचा कैदी यिन्सेन टोनीच्या, म्हणजे आयर्नमॅनच्या, छातीत विद्युतचुंबक बसवतो, मोटारीच्या बॅटरीवर. हा यिन्सेन पिक्चरच्या सुरुवातीच्या भागातच मरतो. उशिरा येणाऱ्याला यिन्सेन धड भेटतच नाही, मग टोनीनं शस्त्रं विकणं का थांबवलं ते कसं कळणार? पुढे पहिल्या उंच उड्डाणात चिलखतावर बर्फ साठून तो खाली कोसळतो. शेवटी खलनायक त्याच बर्फानं गोठतो. म्हणजे आधी पेरलेलंच शेवटी उगवतं.

आता शांतपणे बघतो तर दाजींच्या बाजूनंही पुरावे आहेत, हे लिहिलंच पाहिजे. १९३८ साली सुपरमॅन पहिल्यांदा छापून आला तेव्हा त्याची जन्मकथा फक्त एका पानात उरकली होती. बॅटमॅनची तर पहिल्या गोष्टीत नव्हतीच. मे १९३९ च्या अंकात तो आला आणि आईबापांची हकिकत छापली नोव्हेंबरच्या अंकात, दोन पानं. त्याचे पहिले वाचक सहा महिने उशिरानंच ओरिजिनला पोचले, तरी त्यांचं प्रेम बसलं. अलीकडे तर बनवणारेच ती गाळतात. २०१७ चा स्पायडरमॅन कोळी चावल्यावर सुरू होतो, २०२२ चा बॅटमॅन गल्लीतला खून दाखवत नाही, २०२५ चा सुपरमॅन पडद्यावर चार ओळी दाखवून थेट बर्फात आदळतो. कंटाळा खरा आहे. दाजी एकटे नाहीत, आणि हे लिहिताना कालचा राग बराच उतरलाय. शेवटच्या श्रेयनामावलीनंतरच्या दृश्यासाठी सगळ्यांना दटावून बसवणारे तेच होते.

पण गाळायची सोय जुन्यांनाच आहे, त्यांची गोष्ट लोकांना तोंडपाठ म्हणून. नव्या हिरोला ती कुठून मिळणार? ‘मिन्नल मुरली’ या मल्याळम पिक्चरमध्ये एकाच रात्री वीज दोघांवर पडते, शिंपी जेसनवर आणि चहाच्या टपरीवरच्या शिबूवर. शक्ती तीच. फरक एवढाच, की गाव दोघांना कसं वागवतं. विजेचा तो प्रसंग सुरुवातीलाच आहे. तो चुकला की शिबू हा नुसता खलनायक उरतो, आणि त्याच्यासाठी शेवटी पोटात जे तुटतं ते तुटत नाही. रविवारी सगळे जमणार आहेत, तेव्हा हाच लावणार, पहिल्या मिनिटापासून.