तुम्ही विचारलंत म्हणून: डासाच्या पेशीतली मोडतोड

डासांवर काम करते म्हटलं की, विशेषतः पावसाळ्यात, लोक हमखास विचारतात: "मॅडम, डास मारायचं सोडून त्याच्या पेशीत प्रथिनं कशी मोडतात हे काय बघत बसता?"

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. डेंग्यू पसरवणारी एडिस इजिप्तीची मादी अंडी घालते ती वेळच्या वेळी केलेल्या मोडतोडीच्या जोरावर. ती एका बैठकीत जवळपास स्वतःच्या वजनाइतकं रक्त पिते. ते आपल्या अंगाइतकं गरम, त्यामुळे मिनिटभरात तिचं शरीर सुमारे १० अंशांनी तापतं. एवढ्या झटक्यात प्रथिनांच्या घड्या विस्कटायला लागतात. एचएसपी-७० नावाचं प्रथिन त्या सावरतं. २०११ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी ते दाबून पाहिलं, तर रक्ताचं पचन रेंगाळलं आणि अंडीही कमी झाली.

जे सावरत नाही, त्याला युबिक्विटिनची खूण लागते. हे अवघ्या ७६ अमिनो आम्लांचं प्रथिन. त्याची साखळी चिकटली की ते प्रथिन प्रोटिएझोमकडे जातं. प्रोटिएझोम म्हणजे पोकळ पिंप, कापणारी पाती सगळी आतल्या बाजूला. तोंड इतकं अरुंद की प्रथिनाची घडी उलगडून त्याला दोऱ्यासारखं आत ओढावं लागतं. युबिक्विटिन मात्र दारातच सोडवून घेतलं जातं, पुन्हा वापरायला. याच शोधाला २००४ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

पण मला सर्वांत विलक्षण वाटतं ते यानंतरचं. रक्त प्यायलेल्या मादीचे शेवटचे खंड चिमट्यात धरून हलकेच ओढले की लालभडक आतडं बाहेर येतं. पोटाच्या भिंतीला आतून फिकट पिवळसर थर चिकटलेला असतो, ती फॅट बॉडी. अंड्यांचा बलक ज्यापासून होतो ते व्हिटेलोजेनिन इथे दिवसभर अक्षरशः धो धो तयार होतं. दीड दिवसाच्या आसपास ते थांबतं, आणि पेशी आपलाच कारखाना मोडीत काढते. उरलेल्या प्रथिनाचे कण, ते बनवणारी पटलं, सगळं लायसोझोममध्ये, म्हणजे पेशीतल्या पचनाच्या पिशवीत, जिरतं. एवढा ऐवज प्रोटिएझोमच्या अरुंद तोंडातून जाणार नाही, म्हणून ही दुसरी वाट. ही मोडतोड नीट झाली नाही तर पुढच्या खेपेची अंडी बिघडतात.

आता विषाणूकडे येते. एडिसच्या आतड्यात प्रोटिएझोमचे काही भाग दाबले तर संसर्ग करू शकणारे डेंग्यूचे विषाणू कमी बनतात, असं २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं. म्हणजे डासाचं हे यंत्र विषाणूलाही लागतं.

मग यंत्रच का बंद पाडत नाही, हा तुमचा पुढचा प्रश्न. कारण तेच यंत्र तुमच्याआमच्या पेशीत आहे, जवळजवळ जसंच्या तसं. ते रोखणारं बोर्टेझोमिब हे औषध आपण मायलोमाच्या कर्करोगात वापरतो, आणि त्याचे दुष्परिणाम रुग्णांना सोसावे लागतात. ते डासांवर फवारता येणार नाही. पण कुठल्या प्रथिनाला खूण लावायची हे ठरवणारी एन्झाइम्स, ज्यांना ई-थ्री म्हणतात, ती अनेक प्रकारची असतात आणि प्रत्येकाचं गिऱ्हाईक वेगळं. डासाकडे आहे, विषाणूला लागतं आणि आपल्याकडे नाही, असं एखादं त्यांतच सापडण्याची आशा आहे. त्यासाठी ती आतडी एकेक करून बाहेर काढावी लागतात.