शिरोळच्या पूर छावण्यांकडे मदतीची गाडी नेताना

सगळ्यात आधी एक गल्लत टाळा. शिरोली म्हणजे कोल्हापूरच्या दारातलं महामार्गावरचं गाव, शिरोळ म्हणजे तालुका. ड्रायव्हरला नुसतं 'शिरोळ' सांगितलं की गाडी हमखास शिरोलीला जाते, आणि पंचगंगा फुगली की तिथेच महामार्ग बंद होतो. 2019 ला हेच झालं. पुण्याहून येताना वाठारला महामार्ग सोडायचा, मग वडगाव, हातकणंगले, जयसिंगपूर. मिरजेकडून येणार असाल तर अंकलीचा पूल सुरू आहे का, ते निघायच्या आधी विचारा.

कोल्हापुरात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची धोका पातळी 43 फूट, सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाची 45. त्या ऑगस्टमध्ये आयर्विनला पाणी 57 फुटांवर गेलं होतं. पाणी चढत असताना जाऊच नका. पहिले चार दिवस छावणीत पुरी-भाजी, बिस्किटं आणि बाटलीबंद पाणी उतू जातं. दुपारपर्यंत पाकिटांना आंबूस वास सुटतो. खरी टंचाई पाणी उतरल्यावर. वर्तमानपत्रांतून पूर गेलेला असतो, पण घरात गुडघाभर गाळ म्हणून माणसं शाळेच्या वर्गातच असतात. त्यातच शाळा सुरू करायची घाई होते.

त्या वेळी नेण्याचा चार-पाच जणांचा संच असा: तांदूळ 10 किलो, पीठ 5, तूरडाळ 2, तेल 2 लिटर, मीठ आणि साखर 1-1 किलो, कांदा-लसूण चटणी अर्धा किलो, चहा पाव किलो. गहू देऊ नका, गावातली गिरणीही पाण्यात गेलेली असते. पिठाला आतून प्लॅस्टिकची पिशवी हवीच, नाहीतर दोन दिवसांत गोळे होतात. वजन 22 किलोच्या आसपास जातं, म्हातारीला ते उचलत नाही. दोन पिशव्या करा. यासोबत खराटा, फावडं, फिनेल, बादली. कपडे न्यायचेच तर नवे गाऊन, आतले कपडे, टॉवेल. जुन्या साड्यांचे ढीग शेवटी रस्त्याकडेला भिजत पडतात.

वाटपाची यादी तलाठी किंवा ग्रामसेवकाकडून घ्या, पण ती रेशनकार्डावरची असते. एका कार्डावर तीन भाऊ आणि तीन चुली असतात, भांडण तिथेच पेटतं. म्हणून आदल्या संध्याकाळी वर्गावर्गात फिरून चुली मोजा, चुलीमागे एक शिक्का मारलेली चिठ्ठी द्या, आणि सकाळी सामान वर्गातच पोहोचवा. गाडीच्या फाळक्यावरून वाटलं की धट्टेकट्टे दोनदा घेतात आणि बाळंतीण राहून जाते.

पाण्याच्या 1000 लिटरच्या टाकीला 5 ग्रॅम टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, पुरते. पावडर थेट टाकीत ओतू नका. बादलीत कालवायची, चुना खाली बसू द्यायचा, वरची निवळ तेवढी टाकीत, आणि अर्ध्या तासाने ओटी चाचणी, म्हणजे पाण्याच्या नमुन्यात ऑर्थोटोलिडिनचे थेंब टाकून क्लोरीन बघायचा. पाणी पिवळसर झालं की ठीक. रंग आला नाही तर बहुधा पावडर उघड्या पोत्यातली असते, पावसाळी हवेत तिचा क्लोरीन उडून जातो.

जनावरांचं कुणाच्या ध्यानात नसतं. म्हशीला दिवसाला 15 ते 20 किलो ओला चारा लागतो. ऑगस्टमध्ये साखर कारखाने बंद, त्यामुळे वाडं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, मिळत नाही, आणि शिवारातला ऊस पाण्याखाली. कोरड्या तालुक्यातून मका किंवा कडबा आणि सोबत सरकी पेंड आणलीत तर गोठेवाले धान्यापेक्षा त्यालाच आधी हात लावतील. ओला मका ताडपत्रीखाली घट्ट दाबून भरू नका, वाटेतच तापतो आणि बुरशी धरतो.

परतताना गाडी रिकामीच असते. छावणीतल्या पाण्याच्या बाटल्या पोत्यांत भरून जयसिंगपूरच्या भंगारवाल्याकडे उतरवा. नाहीतर त्या शाळेच्या गटारात अडकतात आणि पुढच्या सरीला पटांगणात पाणी तुंबतं.